पुसण्याआधी लिहून ठेवा

हिशेबाच्या कामात एक साधा नियम आहे. जुनी खतावणी बंद करायची, तर आधी तिच्यातली शिल्लक नव्या वहीत ओढून घ्यायची. शिल्लक न ओढता जुनी वही चुलीत घातली, तर कुणाचे येणे आणि कुणाचे देणे हे सांगायला कोणी उरत नाही. आम्ही बी.कॉम. झाल्यापासून कारकुनीच करतो, म्हणून हा नियम आमच्या अंगवळणी पडला आहे. घरातल्या इंटरनेटच्या राउटरलाही तोच नियम लागतो.

पोलादपूर तालुक्यातले उमरठ तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. तिथे आमची आत्या राहते. तिच्या घरात मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून मुंबईच्या मुलाने राउटर बसवून दिला. आत्या त्यावरूनच मुलाशी बोलते. नातू शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावरच भरतो आणि शेजारची पोरे पडवीत बसून अभ्यास उतरवून घेतात.

गेल्या पावसाळ्यात रात्रभर वारा-पाऊस झाला. सकाळी इंटरनेट बंद, डबीवर लाल दिवा. कोणीतरी म्हणाले, "रिसेट मारा, चालू होईल." नातवाने मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन दाबून धरली. दिवे विझले, पुन्हा लागले, पण लाल दिवा काही गेला नाही. फांदी पडून बाहेरची फायबरची वायर तुटली होती, त्याला डबी काय करणार? दुसऱ्या दिवशी वायर जोडली, तरी इंटरनेट नाही. आता डबी आपली ओळखच विसरली होती. अर्जाला दोन दिवस उरले होते.

वाचकहो, इथे दोन शब्दांत गल्लत होते. रिस्टार्ट म्हणजे खटका बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे. त्यात काहीही पुसले जात नाही. रिसेट म्हणजे डबी कारखान्यातून आली तशी कोरी करणे. त्यात वायफायचे नाव, पासवर्ड आणि कंपनीने दिलेले ग्राहकाचे नाव व पासवर्ड, सारे जाते. म्हणून बिघाड झाला की आधी दिवे पाहावेत. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. तिथे पिन टोचून उपयोग नाही, वायरमनला बोलवावे.

आम्ही गेलो तेव्हा काम असे केले. डबीखालच्या चिकटपट्टीवर कारखान्याचे मूळ नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. त्यावरून मोबाईल जोडला आणि ब्राउझरमध्ये 192.168.1.1 हे आकडे टाकले. काही डब्यांना 192.168.0.1 लागतात. चिकटपट्टीवरच्याच नावाने आत शिरलो. तिथे 'पीपीपीओई' या रकान्यात कंपनीचे नाव-पासवर्ड हवे होते. ते मुंबईच्या मुलाच्या जुन्या मेसेजमध्ये होते. नातू रेंज मिळते त्या वळणावर गेला आणि एकेक अक्षर विचारून कागदावर उतरवून आला. लहान-मोठ्या लिपीचा फरक झाला तरी चालत नाही. मग वायफायला पूर्वीचेच नाव व पूर्वीचाच पासवर्ड दिला. त्यामुळे घरातले सगळे मोबाईल आपोआप जोडले गेले. सुरक्षा 'डब्ल्यूपीए-2' ठेवली आणि डबीत शिरायचा मूळ पासवर्ड तेवढा बदलला, कारण तो कुणीही उलटून वाचू शकतो. संध्याकाळी अर्ज गेला. आत्या म्हणाली, "अरे, एवढं सगळं त्या एका पोराच्या मोबाईलात होतं होय?"

आत्याचा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. आपल्या वाड्यांतून कर्ता मुलगा मुंबईला आणि म्हातारी माणसे गावाला, असे घरोघर आहे. यंत्र गावात आणि त्याची किल्ली मुंबईत, हे बरे नव्हे. 22 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूर भागात रस्ते, वीज आणि फोन एकदम बंद पडले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली. अशा वेळी मुंबईला विचारून घेऊ म्हणणाऱ्याला कुणीच भेटत नाही. राउटर पूर अडवणार नाही, पण पूर ओसरल्यावर ज्या घरात माहिती लिहिलेली आहे ते घर आधी जोडले जाईल.

तेव्हा बंधू-भगिनींनो, रेशनकार्ड आणि वीजबिल ठेवता त्याच पिशवीत एक कागद ठेवा. त्यावर कंपनीचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन, पीपीपीओईचे नाव-पासवर्ड, वायफायचे नाव-पासवर्ड आणि डबीत शिरायचा पासवर्ड, एवढे निळ्या शाईने लिहा. तो कागद भिंतीवर चिकटवू नका, पण घरातल्या दोघांना तरी त्याची जागा दाखवा, आणि त्यांतली एक घरची बाई असू द्या. घरी राहणाऱ्यांच्या हातात घराची किल्ली असलीच पाहिजे.