धावते पान

दुपारचे जेवण आटोपले की आम्ही सौ.ला काहीतरी वाचून दाखवितो. तिची दृष्टी मंदावल्यापासून हा नेम आहे. भालकीत हवे ते मराठी पुस्तक वेळेवर हाती लागतेच असे नाही. म्हणून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली वाईस सुरू झालेला मराठी विश्वकोश आता संगणकावर उघडता येतो, याचे आम्हांस फार अप्रूप. सौ.चे माहेर उदगीरचे. १९५६ साली उदगीर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात; एका बीदर जिल्ह्यातली माहेर-सासर दोन राज्यांत पडली. तिकडची नोंद वाचली की ती सावरून बसते.

परंतु गेल्या वर्षी पानाने भलताच त्रास मांडला. अर्ध्या वाक्यात ते आपण होऊन खाली धावू लागे. बोट उचलले तरी थांबेना. पुन्हा जागा शोधीपर्यंत ऐकणारीचे लक्ष उडे. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, राहू द्या आता. तुम्हालाही शीण होतो." पुढचे चार दिवस तिने वाचनाचे नावही काढले नाही. ते आम्हांस फार लागले.

माउस बिघडला असे समजून नवा आणला. (चाकात धूळ साचली तर पान उलटे उसळते खरे, पण ते दुखणे वेगळे.) नव्यानेही तेच केले.

दिवाळीत कलबुर्गीहून नात आली. तिने आमच्या हाताकडे क्षणभर पाहिले नि हसली. "आजोबा, तुम्ही चाक फिरवता फिरवता दाबता!" फायरफॉक्समध्ये चाक दाबले की पडद्यावर बाण असलेले लहानसे वर्तुळ उमटते, मग माउस जिकडे सरकेल तिकडे पान धावते, आणि वर्तुळापासून जितके दूर जावे तितके जोराने. पुन्हा दाबेपर्यंत धावतच राहते. १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने हे चाक घरोघरी पोहोचविले. आमच्या जड बोटाचा विचार त्यात कोणी केला असेल असे वाटत नाही.

तिने ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'सामान्य' भागात तळाशी जाऊन आपोआप सरकण्याच्या सोयीपुढची खूण काढली. पान तरंगत जाण्याची सोयही बंद केली. त्याने आम्हांस गरगरे. शेवटी विंडोजच्या माउसच्या सेटिंगमध्ये चाकाच्या एका खटक्याला ३ ओळी होत्या, त्या १ वर आणल्या. सारे काम पाच मिनिटांचे! एवढ्यासाठी नव्या माउसचे पैसे गेले, याची हळहळ मात्र अजून आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही हाक मारण्यापूर्वीच सौ. खुर्ची ओढून बसली होती.

"कुठवर आलो होतो गं?" आम्ही विचारले.

"किल्ल्याच्या खंदकापर्यंत," ती म्हणाली. "वाचा."