हरळीला पाणी

हरळी हे उन्हाचे गवत आहे. ऊस, ज्वारी आणि मका सूर्यप्रकाशातून ज्या पद्धतीने अन्न तयार करतात, तीच हिचीही पद्धत. त्यामुळे पस्तीस अंशांच्या उन्हात, थंड प्रदेशातली गवते दम टाकतात तेव्हा, हिची वाढ जोमात असते. सावलीत मात्र ती विरळ होते आणि तिथे कितीही पाणी घातले तरी दाट होत नाही.

विदर्भातल्या शेतकरी घरात जन्मून पुढे नागपुरात स्थिरावलेल्या माणसाच्या आयुष्यात हरळी दोनदा येते. पहिल्यांदा वैरीण म्हणून. कपाशीत शिरलेली हरळी नांगराने जात नाही, उलट तुटलेल्या कांड्यांना पुन्हा मुळे फुटतात. म्हणून ती खणून, वेचून, धुऱ्यावर वाळत टाकायची. पुढे नोकरी, प्लॉट, घर; घरापुढे थोडी मोकळी जागा उरते आणि तीच हरळी, किंवा तिची बारीक पानांची जात, नर्सरीतून पैसे मोजून आणली जाते. गंमत अशी, की गव्हा-हरभऱ्याचे ओलीत ज्याने पाहिले आहे, त्याला लॉनच्या पाण्याबद्दल निम्मे आधीच ठाऊक असते. पाणी पाळीने द्यायचे, भरपूर मुरू द्यायचे, मग वाफसा येईपर्यंत थांबायचे. हे शहाणपण हातात रबरी पाइप आला की विसरले जाते.

पाइपने होतो तो सडा. मे महिन्यात दिवस कलल्यावर दहा मिनिटे शिंपडले की अंगण निवते, मातीचा वास सुटतो, खुर्च्या बाहेर येतात. हे सुख माणसाचे. गवताच्या पदरात त्यातले फार थोडे पडते. वरची बोटभर माती ओली होते, मुळे त्या ओलीच्या मागे वरच राहतात, आणि दुसऱ्या दिवशी पारा 45 अंशांकडे गेला की सर्वांत आधी वाळतो तो हाच थर. मग रोज पाणी घालावेच लागते, आणि रोज घातल्यामुळेच मुळे खाली उतरत नाहीत. पहाटेची वेळ सर्वांत चांगली. वारा पडलेला असतो, वाफ कमी होते, आणि पाने सूर्य वर येताच सुकतात. संध्याकाळच्या पाण्याने बुरशी येते असे सांगतात, ते दमट सप्टेंबरात खरे आहे. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात त्याची धास्ती फारशी नको.

पाणी किती, याचा हिशेब पावसासारखाच मिलिमीटरमध्ये करावा. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. ऐन उन्हाळ्यात हरळीला दिवसाला पाच-सहा मिलिमीटर लागतात असे धरले, तर 20 मिलिमीटरची एक पाळी भारी मातीत तीन-चार दिवस पुरते. शंभर चौरस फुटांना ही पाळी सुमारे 185 लिटरची होते. पाइपखाली पंधरा लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते हे एकदा पाहिले, की पुढचे गणित घड्याळावर होते. बादली मिनिटात भरत असेल, तर तेवढ्या जागेला बारा-तेरा मिनिटे.

काळी माती ही बारा मिनिटे सलग घेत नाही. वाळली की तिला भेगा पडतात आणि पहिले पाणी भेगांतून सरळ खाली जाते. मग ती फुगते, भेगा मिटतात आणि उरलेले पाणी फाटकाबाहेर वाहते. तेवढेच पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने तीन हप्त्यांत दिले तर मुरते. मुरमाड जमिनीत पाणी चटकन उतरते पण टिकत नाही, म्हणून तिथे पाळी लहान आणि लवकर. पुरेसे मुरले का, हे लांब स्क्रूड्रायव्हर सांगतो: तो वीतभर सहज खुपसला गेला पाहिजे. पुढची पाळी कधी, हे गवत सांगते. पानांवर निळसर करडी झाक येते आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात. लव्हाळा माजू लागला, तर पाणी जास्त होते आहे.

टंचाईत लोक घरातले सांडपाणी लॉनकडे वळवतात. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी सतत वाफ झाल्याने खारट झालेले असते. आरओचे टाकाऊ पाणीही तसेच. हरळी खारटपणा बराच सोसते, पण निचरा नसलेल्या काळ्या मातीत क्षार साचत जातात, म्हणून अधूनमधून साध्या पाण्याची मोठी पाळी हवी. कपडे धुतलेले साबणाचे पाणी टाळलेले बरे. त्यातल्या सोडियमने चिकण माती घट्ट बसते. पाणीच नसेल, तर हरळीला पिवळी पडू द्यावी. जमिनीखालचे खोड जिवंत राहते. तीन-चार आठवड्यांतून एकदा चांगले भिजवले तरी ती मृगापर्यंत तग धरते. उन्हाळ्यात कापणी थोडी उंच ठेवली की जमीन झाकलेली राहते.

पावसाळ्यात काम उरते ते साचलेले पाणी काढून देण्याचे. ऑक्टोबरच्या उन्हात पाळी पुन्हा सुरू होते, आणि हिवाळ्यात हरळी जवळजवळ झोपते, तेव्हा दहा-बारा दिवसांनी एकदा पुरते.

साठीनंतर पाइप ओढणे जड होते आणि टायमरवरचा फवारा येतो. तो वेळ पाळतो, ऋतू पाळत नाही. टायमर दर दोन महिन्यांनी नव्याने लावावा लागतो आणि जूनमध्ये बंद करावा लागतो. फवारा सगळीकडे सारखा पडतो का, हे पाहायला लॉनवर चार-पाच रिकामे डबे ठेवून पंधरा मिनिटांनी प्रत्येकातले पाणी पट्टीने मोजावे. बहुतेक घरांत कोपऱ्यातला डबा मधल्या डब्यापेक्षा बराच रिकामा निघतो. तेवढा कोपरा झारीने भरून काढावा लागतो.