प्रेमाचा घास आणि सशाचे पोट

आमच्या घरी ससा आला तो श्रावणातल्या एका रविवारी. धाकट्या लेकीच्या नवव्या वाढदिवसाची ती भेट होती. पांढराशुभ्र, ओंजळीत मावेल एवढा. म्हणून त्याचे नाव कापूस ठेवले. विक्रेत्याने पिल्लू दोन महिन्यांचे असल्याचे सांगितले आणि खाण्यासंबंधी एकच वाक्य ऐकवले : 'गाजर-कोबी द्या, काहीही खातो.' त्या 'काहीही'वर आम्ही विश्वास ठेवला आणि तो कापसाच्या जिवावर बेतला.

घरात लहान जीव आला की प्रत्येकालाच त्याला काही तरी भरवावेसे वाटते. सासूबाई पोळीचा मऊ तुकडा त्याच्यापुढे धरीत. लेक शाळेतून आली की आपल्या बिस्किटातले अर्धे त्याला देई. माझ्या हातून गाजराची चकती, सफरचंदाची फोड जात असे. तो सारे आवडीने खाई आणि आम्ही कौतुकाने पाहत राहू. 'खातो आहे म्हणजे बरा आहे', हा मुलांच्या बाबतीतला आपला जुना निकष आम्ही त्यालाही लावला.

पाचव्या दिवशी त्याच्या लेंड्या मऊ होऊन मागच्या केसांना चिकटू लागल्या. पाऊस, बदललेली जागा, अशी कारणे शोधून मी त्याला कोमट पाण्याने पुसून घेतले. सातव्या दिवशी सकाळी मात्र तो पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले, कान गार, आणि दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज. आदल्या संध्याकाळपासून पिंजऱ्यात एकही लेंडी पडली नव्हती.

"पोट धरलंय गं त्याचं," सासूबाई म्हणाल्या, "ओव्याचं पाणी दे." मी मात्र फ्रिज उघडून लेकीच्या घशाच्या दुखण्यातले उरलेले अमोक्सिसिलिनचे औषध काढले. लहान मुलांना चालते ते याला थेंबभर का चालू नये, असा माझा सरळ हिशेब होता. ड्रॉपर भरूनही झाला होता. तेवढ्यात लेक रडवेल्या स्वरात म्हणाली, "आई, आधी डॉक्टरांना विचार ना." पशुवैद्यांना फोन लावला. ते एवढेच म्हणाले, "ते औषध मुळीच पाजू नका. त्याला उबेत गुंडाळून लगेच घेऊन या."

तपासताना त्यांनी जे समजावले, ते मी आजवर विसरलेले नाही. सशाच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक मोठी पिशवी असते. तिच्यातले असंख्य उपयुक्त जिवाणू गवताचा चोथा आंबवून त्याचे पोषण करतात. तोंडावाटे दिलेले अमोक्सिसिलिन नेमके हे जिवाणू मारते. मग घातक जिवाणूंचे फावते आणि ससा दगावू शकतो. पोळी, बिस्किटे आणि गोड फळे यांतील पिष्ट पदार्थ व साखर यांनीही हा तोल बिघडतो. शिवाय सशाला उलटी होत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकावे लागते, आणि ते सरकवण्याचे काम तंतुमय चोथा करतो. चोथा कमी पडला की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखते; दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडे आणखी थंडावते. आईचे दूध सुटते त्या सुमाराची पिल्ले तर फारच नाजूक. कापूस दोन महिन्यांचा नसून जेमतेम सहा आठवड्यांचा असावा, असे त्यांचे मत पडले. ज्या वयात आईजवळ असायचे, त्या वयात तो आमच्या बिस्किटांवर होता.

त्यांनी कातडीखाली सलाईन दिले, वेदनाशामक दिले, जंतांसाठी व इतर परजीवींसाठी विष्ठा तपासली. पोट कोठे अडलेले नाही याची खात्री झाल्यावर गवताच्या भुकटीचे पातळ अन्न दर काही तासांनी सिरिंजने, थोडे थोडे, तोंडाच्या बाजूने भरवायला शिकवले. दोन रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. तिसऱ्या पहाटे लेक ओरडत आली, "आई, लेंड्या!" मोजून सात होत्या, लहान आणि वेड्यावाकड्या. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर कापसाचे ताट बदलले. आता दिवसभर त्याच्यापुढे स्वच्छ वाळलेले गवत असते. पावसाळ्यात बुरशीचा वास येतो का, हे मी स्वतः हुंगून पाहते. गवत चावण्याने त्याचे आयुष्यभर वाढणारे दातही झिजतात. वाढत्या वयात थोडा लसूणघास चालतो. त्यात कॅल्शियम अधिक असल्याने सहा महिन्यांनंतर तो बंद करायचा. सशाचे तयार खाद्य मोजून, पाणी जड वाडग्यात. तीन महिन्यांचा झाल्यावर कोथिंबिरीसारखी पालेभाजी सुरू केली, पण एका वेळी एकच, चिमूटभर. लेंड्या ठीक राहिल्या तरच पुढची. गाजर आता सणावारी, नखाएवढे. दर रविवारी लेक स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहिते.

एकदा तो वाकून आपलीच मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी विष्ठा खाताना दिसला आणि ती घाबरली. तो आजार नव्हे. आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेली जीवनसत्त्वे ससा अशीच परत मिळवतो. त्या गोळ्या रोज तशाच पडून राहू लागल्या, तर मात्र खाण्यात काही तरी चुकते आहे असे समजावे. आणि बारा तासांत सशाने तोंड लावले नाही किंवा लेंडी टाकली नाही, किंवा पिल्लाला पाण्यासारखे जुलाब झाले, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये.

पोळीचा तुकडा पुढे करणारा सासूबाईंचा हात अजूनही कधी कधी पिंजऱ्यापाशी थबकतो. मग त्या तो मागे घेतात आणि गवताची काडी पुढे धरतात. रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अगं, कापसाच्या लेंड्या पाहिल्यास का?"