पितळाचा ताव: खडकीची पुंगळी आणि भोसरीची टोपी

पितळ थंड अवस्थेत दाबले, ओढले किंवा ठोकले की त्याचा कठीणपणा वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर ते आकार घेण्याऐवजी तडकते. ही मर्यादा येण्यापूर्वी ताव देऊन धातू पुन्हा नरम करण्याच्या क्रियेला धातुशास्त्रात अनुशीतन म्हणतात आणि पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातील शेडमध्ये अ‍ॅनीलिंग. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम करणारा कारागीर तांब्याचे भांडे मधूनमधून भट्टीत धरतो तो याच कारणासाठी. थंड कामामुळे धातूच्या कणांत विस्थापने, म्हणजे अणूंच्या रांगा विस्कटलेल्या रेषा, इतक्या दाटतात की त्या एकमेकींना सरकू देत नाहीत. पुरेशी उष्णता मिळाल्यावर या ताणलेल्या कणांच्या जागी ताणरहित नवे कण तयार होतात आणि त्यालाच पुनःस्फटिकीभवन असे नाव आहे. पोलादावर तयार झालेल्या कामगाराला येथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते: लाल झालेले पितळ पाण्यात टाकल्याने कडक होत नाही, ते नरमच राहते, पाण्यामुळे फक्त ताव तिथल्या तिथे थांबतो.

या क्रियेचे सर्वांत काटेकोर उदाहरण पिंपरी-चिंचवडच्या अगदी वेशीवर आहे. मुळा नदीच्या पलीकडे खडकीला 1869 साली दारूगोळा कारखाना स्थापन झाला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. काडतुसाची पुंगळी 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेल्या पितळाची असते. चकतीपासून वाटी, वाटीपासून लांब नळी असे टप्प्याटप्प्याने ओढकाम होते आणि मधल्या टप्प्यांवर अनुशीतन व सौम्य गंधकाम्लाची धुलाई करावी लागते. शेवटी मात्र एकाच पुंगळीत दोन स्वभाव हवे असतात. बूड कठीण हवे, कारण स्फोटाचा दाब तेथे पेलला जातो. तोंड नरम हवे, कारण त्याने गोळी घट्ट धरायची, फुगायचे आणि तरी चिरायचे नाही. म्हणून अखेरचा ताव फक्त तोंडाला आणि मानेला दिला जातो, आणि सैनिकी काडतुसांच्या मानेवर त्याचा निळसर-तपकिरी डाग पुसून न टाकता तसाच ठेवलेला दिसतो.

ज्या देशांत नेमबाज वापरलेली पुंगळी पुन्हा भरतात, तेथे या अखेरच्या तावासाठी घरगुती साधनांची एक परंपराच तयार झाली आहे, कारण प्रत्येक बाराबरोबर मान फुगते, साच्यात पुन्हा आवळली जाते आणि कठीण होत जाते. सर्वांत जुनी रीत म्हणजे पुंगळ्या बुडापर्यंत पाण्यात उभ्या करून वरून ज्योत फिरवायची आणि मान तापली की त्या पाण्यातच आडव्या पाडायच्या. साधी, पण बूड वाचवणारी. भारतात हा छंद परवान्याशिवाय घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात. परंतु पितळाला कायदा ठाऊक नसतो. सेन्सरवर बसणाऱ्या ओढीव पितळी टोपीचे तोंड आणि पुंगळीची मान यांचा धातू एक, दुखणे एक आणि औषधही एकच.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव अशाच टोप्यांचा आहे. भोसरीच्या एका लहान प्रेसशॉपमध्ये पितळी टोपी दोन ओढींत तयार होत असे आणि तिसऱ्या क्रियेत, म्हणजे तोंड बाहेर वळवताना, काठावर उभ्या चिरा पडत असत. बाहेरच्या भट्टीत पूर्ण टोपी नरम करून आणल्यास काठ वाचे, पण बूड इतके मऊ पडे की पुढे त्यात पिन दाबून बसवताना ते आत दबे. तेव्हा फक्त काठ तापवणारे साधन शेडमध्येच बांधण्याचे ठरले. सामग्री या पट्ट्याला शोभेशीच होती: मोटारीच्या काच-पुसणीची 12 व्होल्टची मोटर, तिच्या वेगाला आवर घालणारा नियंत्रक व एक जादा गिअर, खाचा पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची फिरती तबकडी, एलपीजीची टॉर्च आणि खाली पाण्याचे टोपले. मोटर चिखलीजवळच्या कुदळवाडीच्या भंगार बाजारातून आणली होती. 2025 च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तेथील अनधिकृत शेड मोठ्या प्रमाणावर पाडल्या, त्यामुळे आज तोच भाग त्याच ठिकाणी शोधू जाणाऱ्याला वेगळा पत्ता विचारावा लागेल. टोपी खाचेत बसे, तबकडीबरोबर ज्योतीसमोर येई, काही सेकंद तेथे राही आणि पुढे जाऊन पाण्यात पडे.

हे साधन बांधण्यामागे वेगाचा लोभ कमी आणि डोळ्यावरचा अविश्वास अधिक होता. त्यापूर्वी टोपी चिमट्यात धरून, काठ लाल दिसला की पाण्यात टाकायची असा हाताचा प्रयोग चालला होता, आणि त्यात दिवसपाळीचा व रात्रपाळीचा माल उघडपणे वेगळा निघत होता. कारण समजण्यासारखे आहे. तापलेला पदार्थ अंधारात साधारण 525 अंश सेल्सिअसला अंधुक लाल दिसू लागतो. भर दुपारी, छपरातल्या पारदर्शक पत्र्याखाली, तीच लाली दिसेपर्यंत पितळ त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असते. तेवढ्या तापमानाला धातूचे कण वाढून मोठे होतात आणि असा काठ वळवला की त्याची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत येते. आणखी वर गेल्यास जस्त उडू लागते. पांढरा धूर दिसला तर माल गेला असे समजावे, आणि तो धूर छातीत गेल्यास रात्री थंडी वाजून ताप भरतो, हेही कामगाराला आधी सांगितलेले बरे. म्हणून रंगाचा निकष सोडून ठराविक तापमानाला वितळणारा तापदर्शक रंग काठाखाली लावला गेला, ज्योतीसमोरचा काळ त्यावरून ठरवला गेला आणि पुढे कोणी टोपीकडे पाहण्याची गरज उरली नाही.

काळ पक्का झाला तरी ज्योत पक्की होत नाही, हे मात्र यंत्र चालू झाल्यावरच कळते. सिलिंडरमधील द्रवाला वायू होण्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःतूनच घेतो, त्यामुळे सलग जळणाऱ्या सिलिंडरला बाहेरून दव धरते, आतला दाब घसरतो आणि डिसेंबरच्या सकाळी ही घसरण अधिक जाणवते. शटर वर केले की वाऱ्याने ज्योत तिरपी होते ती वेगळीच. चांगला रेग्युलेटर, टॉर्चभोवती पत्र्याचा आडोसा आणि प्रत्येक खोक्यातील पहिल्या टोपीवर पुन्हा तापदर्शक रंग, हे तीन उपाय पुरले. प्रेरण पद्धतीची, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेची वीज खेळवून धातू आतूनच तापवण्याची, शिफारस पुष्कळांनी केली. ती पद्धत स्वच्छ आहे, पण पितळ अचुंबकीय आणि विजेचे उत्तम वाहक असल्याने पोलादाच्या मानाने जास्त शक्ती मागते, आणि लहान शेडमध्ये त्या खर्चाचा मेळ बसत नाही.

काठ नरम झाला म्हणजे टोपी सुरक्षित झाली, असा समज येथे सहज होतो, पण पितळ नंतर नुसते पडून राहूनही तडकू शकते. ब्रिटिश सैन्याला भारतातच याचा फटका बसला होता: पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसे मोसम सरेपर्यंत आपोआप तडकलेली सापडत. या ‘सीझन क्रॅकिंग’चा उलगडा 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला: घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमटपणा आणि ओढकामानंतर पितळात दबून राहिलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की चिरा पडतात. चाकणच्या आसपास शेड आणि गोठा यांच्यात पुष्कळदा एकच भिंत असते आणि गोदामात युरियाची पोतीही ठेवलेली आढळतात, त्यामुळे हे कारण इतिहासजमा मानता येत नाही. टोपीच्या कठीण ठेवलेल्या बुडात हा ताण उरतोच. तो घालवण्यासाठी कठीणपणा न गमावता साधारण 250 ते 275 अंशांवर तासभर शेक द्यावा लागतो. पावडर कोटिंगच्या भट्ट्या या भागात गल्लोगल्ली आहेत, पण त्या साधारण 180 ते 200 अंशांवर चालतात आणि तेवढ्याने भागत नाही. भोसरीच्या शेडमध्ये म्हणून शेवटी बेकरीतून मोडीत निघालेली 300 अंशांपर्यंत जाणारी ओव्हन आणली गेली, तिच्या चकतीवरच्या आकड्यांवर न विसंबता आत थर्मोकपल टांगले गेले, आणि टोप्या पाण्यातून काढून, वाळवून, मगच त्या ओव्हनमध्ये जाऊ लागल्या.