काचेतलं गोंदण

आजीच्या उजव्या हाताच्या आतल्या अंगाला, मनगटापासून चार बोटं वर, एक तुळशीवृंदावन होतं. हिरवट-निळं, कडा थोड्या विस्कटलेल्या, पाण्यात पडलेल्या सावलीसारखं. दुपारी ती आडवी झाली की मी त्याच्यावरून बोट फिरवायची आणि दर वेळी तेच नवल वाटायचं, की डोळ्यांना इतकं ठळक दिसणारं ते वृंदावन बोटाला लागतच नाही. कातडी तशीच, मऊ, सुरकुतलेली, सलग. वृंदावन तिच्या खाली कुठेतरी, माझं बोट पोचत नव्हतं तिथं.

"दुखलं होतं का गं?"

"दुखलं की. त्याबिगर बसतंय व्हय?"

हे सगळं आठवायला मला येनाला जावं लागलं. जर्मनीत, साला नदीच्या काठी, चुनखडीच्या डोंगरांनी वेढलेलं हे गाव काचेचं गाव आहे. इथंच कार्ल झाइसच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शक घडले, इथंच 1884 साली ओटो शॉटने काचेची भट्टी पेटवली, आणि इथंच अर्न्स्ट आब्बे नावाच्या माणसाने प्रकाशाच्या नजरेची हद्द मोजली. विद्यापीठाजवळ त्याच्या स्मारकाच्या दगडावर त्या हद्दीचं सूत्र कोरलेलं आहे. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती, अक्षरांच्या खाचांमध्ये बारीक बर्फ साचलं होतं, आणि दगडापेक्षा सूत्रच जास्त उजळ दिसत होतं. माझी भाची तिथं संशोधन करते. "मावशी, चल, आज लिहायचं आहे," ती म्हणाली. मला वाटलं, तिचा प्रबंध.

ती मला काळोख्या खोलीत घेऊन गेली.

टेबलावर काचेचा एक तंतू ताणून धरलेला होता. 125 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षा थोडा राठ, आणि त्याच्या ऐन मध्यातून जाणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. सगळा प्रकाश वाहतो तो त्या गाभ्यातून. वर भिंग, भिंग आणि तंतू यांच्यामध्ये तेलाचा एक थेंब. भाचीने कळ दाबली, आणि तंतूच्या पोटात, कडेला धक्काही न लागता, एक निळसर-पांढरा ठिपका उजळला. लुकलुकत नव्हता, हलत नव्हता. देवघरातल्या समईची ज्योत दाराच्या फटीतून दिसावी तसा. खरं तर ठिपका जागच्या जागी होता आणि तंतूच त्याच्या खालून सरकत होता, सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, इतक्या हळू की डोळ्यांना स्थिरच वाटावा. त्या एका सेकंदात लेसरचे 1000 स्पंद पडत होते. एका स्पंदाला एक खूण.

काच त्या लेसरला पारदर्शक आहे, हे मला फार आवडलं. 800 नॅनोमीटरचा तो प्रकाश, लालाच्याही पलीकडचा, काचेतून विनाअडथळा आरपार जातो, वरच्या थराला स्पर्शाचीही जाणीव होत नाही. फक्त भिंगाने जिथं त्याला एकवटलं आहे तिथं, एका इवल्या बिंदूत, गर्दी इतकी होते की काचेला तो थोपवावाच लागतो, आणि तिथंच, आतल्या आत, ती बदलते. वरची कातडी सलगच राहते. रंग आत बसतो.

स्पंद किती काळाचा? 100 फेम्टोसेकंदांचा. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद मावतात, तितके सेकंद मोजायचे तर 3 कोटींहून अधिक वर्षं लागतील. जो प्रकाश सव्वा सेकंदात चंद्रावर पोचतो, तो एवढ्या वेळात फक्त 30 मायक्रॉन चालतो, केसाची जाडीही ओलांडत नाही. अशा क्षणाला काय नाव द्यावं? निमिष म्हटलं तरी ते युगासारखं वाटतं. आणि या क्षणाच्या इतकं लहान असण्यातच सगळी करामत आहे. प्रकाश येतो, काचेतल्या इलेक्ट्रॉनांना आपल्यातलं काही देऊन टाकतो आणि निघून जातो. काचेचे अणू अजून हललेलेही नसतात. उष्णतेला आजूबाजूला पसरायला सवड मिळत नाही, म्हणून शेजारची काच शांत राहते. मग, प्रकाश केव्हाच गेलेला असताना, अणूंना ती बातमी कळते आणि ते सरकतात, दाटतात, कधी एक सूक्ष्म पोकळी सोडून बाजूला होतात.

घाव बसतो तो घालणारा निघून गेल्यावर.

मी बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले. आपल्याला बसलेले घावही असेच उशिरा उमटलेले असतात. आजी गेली त्या दिवशी मी रडले नव्हते. तेरा दिवसांनंतर कपाटातून तिचं नऊवारी काढताना, घडीतून कापराचा वास आला, तेव्हा कुठे माझ्या आतलं काहीतरी सरकलं.

भाची मात्र तिच्या कामाच्या पूर्वजांविषयी बोलत होती. 1978 साली कॅनडात, ओटावात, केनेथ हिल आणि त्याचे सहकारी आरगॉन लेसरचा प्रखर प्रकाश अशाच एका तंतूतून पाठवत होते. दुसऱ्या टोकाच्या कडेवरून थोडा प्रकाश मागे फिरत होता, येणाऱ्याला भेटत होता, आणि त्या भेटीतून तंतूभर उजेड-अंधाराच्या स्थिर लाटा उभ्या राहत होत्या. जिथं उजेड, तिथं काच किंचित बदलत गेली. हळूहळू परतणारा प्रकाश वाढला, वाढतच गेला. कुणी काही लिहायला बसलंच नव्हतं. प्रकाश वाटेवर आपल्याच पावलांचे ठसे सोडत होता, आणि त्या ठशांनी त्यालाच माघारी वळवलं.

पुढं अतिनील किरणांनी मुद्दाम लिहू लागले. पण त्यासाठी तंतूच्या अंगावरचं वेष्टण सोलावं लागे, काच जर्मेनियम मिसळलेली लागे, कित्येकदा ती उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्ये दिवसेंदिवस मुरवत ठेवावी लागे. फेम्टोसेकंदाच्या लेखणीला यातलं काहीच लागत नाही. वेष्टण तसंच ठेवून, त्याच्या आरपार, आतल्या काचेवर लिहिता येतं.

आणि लिहायचं काय? काहीच नाही, फक्त रेघा. समान अंतरावर, एकामागून एक, अंतर सुमारे 535 नॅनोमीटर. एका सेंटिमीटरात 18 हजारांहून जास्त. शाळेच्या पहिल्या पाटीवर गिरवतात तशा उभ्या रेघा. यातली एकटी रेघ प्रकाशाचा इतका क्षुल्लक अंश परत पाठवते की तो मोजण्यातही येणार नाही. पण दिंडीत एकाचं पाऊल ऐकू येत नसलं तरी टाळाच्या ठेक्यावर हजारोंची पावलं एकदम पडली की जमीन बोलते, तसं या रेघांचं आहे. ज्या रंगाची लाट त्यांच्या अंतराशी ठेका जुळवते तेवढीच मागे वळते. बाकीचे सगळे रंग निघून जातात. यालाच ग्रेटिंग म्हणतात.

भाचीने वहीच्या कोपऱ्यात त्याचं सूत्र मांडून दाखवलं: रेघांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले अपवर्तनांकाची दुप्पट. मी चमकले. थोड्या वेळापूर्वी बर्फाने भरलेल्या दगडावर मी जवळजवळ हेच वाचलं होतं. प्रकाश जितकं बारीक पाहू शकतो त्याची आब्बेने सांगितलेली शेवटची हद्द, आणि या रेघांचं अंतर, दोन्ही एकच. प्रकाशाला कळू शकेल अशा सगळ्यात बारीक अक्षरात त्याच्यासाठी निरोप लिहिलेला.

कोरा तंतू सगळं काही जाऊ देतो. त्याच्या मधल्या एका जागी काय चाललंय, ऊन आहे की थंडी, ताण आहे की सैलपणा, हे तो असं नेमकं सांगू शकत नाही. रेघा पडल्या की तंतू त्या जागी जागा होतो. तापला तर परतणारा रंग किंचित सरकतो, ताणला तरी सरकतो. म्हणून असे तंतू पुलांच्या काँक्रीटमध्ये, विमानांच्या पंखांत, तेलविहिरींच्या तळाशी घालतात. आजीचा एक गुडघा कधीकाळी मोडून सांधला होता. पाऊस यायचा असला की ढगांच्या आधी तोच सांगायचा. धड गुडघ्याला काही कळत नसे.

अतिनील किरणांनी लिहिलेलं काहीशे अंशांत पुसट होऊ लागतं. फेम्टोसेकंदाच्या घावांनी लिहिलेली काही ग्रेटिंगं 1000 अंश सेल्सिअसच्या भट्टीतही टिकतात. भाची हे अभिमानाने सांगत होती आणि मी एकदम गप्प झाले. आजी म्हणायची, "सोनंनाणं हितंच ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं." सरणावर ठेवताना तिच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या होत्या. वृंदावन उतरवता येत नव्हतं. मी शेवटचं बघितलं ते तेवढंच, हिरवट-निळं, लाकडांच्या फटीतून.

लेसर बंद झाला. खोलीत दिवा लागला. तंतूवर काहीच दिसत नव्हतं. मी चष्मा काढून, डोळ्यांशी आणून बघितलं. अगदी सलग, अगदी कोरा. परतणारा प्रकाश दाखवणाऱ्या पडद्यावर मात्र एक उंच, निमुळती रेघ उभी होती, 1550 नॅनोमीटरवर, एखाद्या गावाच्या देवळाच्या कळसासारखी एकटी.

"मावशी, बोट ठेव," भाची म्हणाली.

मी ठेवलं. लहानपणी ठेवायची तसंच, हलकेच. बोटाला काहीही लागलं नाही. पडद्यावरची रेघ उजवीकडे सरकली, थरथरली आणि थांबली. माझ्या बोटाची ऊब 0.1 नॅनोमीटर भरली.