'टक्' ऐकू आला पाहिजे

सिंगल फेज मोटारीचं एक दुखणं अगदी ठरलेलं. बटण दाबलं की नुसती गुणगुणते, फिरत नाही. आणि मेकॅनिक लगेच म्हणतो, "जळाली. नवीन घ्या."

आईच्या घरघंटीच्या मोटारीला त्याने हेच सांगितलं. दिवाळी आठवड्यावर, गल्लीतल्या अकरा घरांची भाजणी दळायची. दळणाचे पैसे आई कुणालाही न विचारता खर्च करते, बाबांनासुद्धा! त्यामुळे ती मोटार मला इतक्यात मरू द्यायची नव्हती.

पट्टा काढला, शाफ्टला हाताने फिरकी दिली आणि बटण दाबलं... सुटली की सुसाट! उलटी फिरकी दिली तर उलटी पळाली. म्हणजे मुख्य वाइंडिंग शाबूत. गंमत अशी, की एकट्या मुख्य वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होत राहतं, फिरत नाही. पहिला ढकला द्यायला दुसरं वाइंडिंग आणि कंडेन्सर लागतो. मोटार साधारण पाऊण वेगाला पोचली की सेंट्रिफ्युगल स्विच त्या दोघांना 'टक्' करून तोडतो.

प्लग काढून, कंडेन्सर डिस्चार्ज करून (हे विसरू नका, जबरी झटका बसतो) नवा लावला. पुन्हा गुणगुण. मग मागचं झाकण उघडलं. स्विचचे पॉइंट काळेठिक्कर, वर पिठाचा थर! पॉलिश पेपरने घासले, मीटरवर तपासले, जोडलं. 'टक्'!

जुना कंडेन्सर चांगलाच निघाला. १००-१२० एमएफडीचा आहे, कुणाला हवा असेल तर कळवा.