आधी मुक्काम ठरवा

आपल्याकडे सिव्हिलची पदविका घेतलेली मुलं थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जातात. अमेरिकेत त्याच्या जवळपासची सोय दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांनी केली आहे. असं पहिलं सार्वजनिक कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. त्यांतल्याच एकात मी आर्किटेक्चर आणि बांधकाम व्यवस्थापन शिकवतो.

राज्यातल्या रहिवाशाला इथे एका युनिटला ४६ डॉलर पडतात. असोसिएट पदवीला साधारण ६० युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर. प्रवेशाला चाळणी परीक्षा नाही. त्यामुळे संध्याकाळच्या वर्गात नुकतीच शाळा संपवलेली मुलगी आणि दिवसभर साइटवर सुतारकाम करून आलेला बाप्या एकाच बाकावर बसतात.

अंदाजपत्रकाच्या तासाला मी एक गणित घालतो. तीस बाय चाळीस फुटांची, चार इंच जाडीची जमीन ओतायची आहे. काँक्रीट किती मागवाल? ४०० घनफूट भागिले २७, म्हणजे १४.८ घनयार्ड. मुलं तिथेच पेन ठेवतात. सुतार विचारतो, खालची माती कुठे खोलगट असली तर? सांडलवंड किती धरायची? तो सोळा लिहितो, कारण ओतताना माल संपला की नको तिथे सांधा येतो, हे त्याने पाहिलेलं असतं. असे विद्यार्थी पुढे सॅक्रामेंटो किंवा चिको इथल्या राज्य विद्यापीठांत बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेतात. कित्येक जण असोसिएट पदवीवरच कामाला लागतात.

आर्किटेक्चरची वाट अवघड आहे. गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी यांची युनिटं कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यातल्या करारानुसार पुढे धरली जातात, पण स्टुडिओचं, म्हणजे डिझाइनच्या वर्गांचं, तसं नसतं. तिथे कोणत्या वर्षात बसवायचं, हे बहुधा पोर्टफोलिओ पाहून ठरतं. दोन वर्षं स्टुडिओ करून गेलेल्यालाही पुन्हा दुसऱ्या वर्षात बसावं लागू शकतं. शिवाय सगळ्या पदव्या सारख्या नाहीत. कॅल पॉली पोमोनाची पाच वर्षांची बी.आर्क. परवान्यासाठी मान्यताप्राप्त आहे. बर्कलीची चार वर्षांची बी.ए. तशी नाही, मान्यताप्राप्त पदवी हवी तर त्यानंतर एम.आर्क. करावं लागतं. परवान्याला ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा लागते. हे तास शाळा संपल्यावर लगेच नोंदवायला सुरुवात करता येते, म्हणून कॉलेजात असतानाच एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम धरावं, असा माझा आग्रह असतो. कॅलिफोर्नियात तर मान्यताप्राप्त पदवी नसली, तरी शिक्षण आणि अनुभव मिळून आठ वर्षं भरल्यास परवान्याचा मार्ग खुला राहतो. मात्र परीक्षा कुणालाच चुकत नाहीत.

इथल्या अनेक मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचं नाव काढलं की चेहरे पडतात. त्या पालकांना माझं सांगणं आहे: मुलाला बांधकामात गती असेल, तर ही दोन वर्षं कमी प्रतीची मानू नका. फक्त पहिल्या सत्राआधी कोणत्या विद्यापीठाची कोणती पदवी हवी ते ठरवा, राज्याच्या ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर कोणता विषय कुठे चालतो ते तपासा आणि पहिल्या स्टुडिओपासून प्रत्येक रेखाटन, प्रत्येक मॉडेलचा फोटो जपून ठेवा. एवढं केलंत, तर या दोन वर्षांतलं फारसं काही वाया जात नाही.